लाल डोळ्याची चढाई

आईच्या हातातला ब्रश पडला तो थेट गणपतीच्या मांडीवर.

“जुई! डोळ्याला काय झालं तुझ्या?”

मी नुकतीच उठले होते. तोंडात टूथब्रश, केस भुतासारखे, आणि कारखान्यात सहज डोकावले होते. पेणजवळच्या आमच्या भालखार गावात घर आणि गणपतीचा कारखाना यांच्यामध्ये एका पडद्याचंच अंतर असतं. माझी आई आखणी करते, म्हणजे मूर्तीला डोळे काढते. सोंड, पितांबर, उंदीर वगैरे बाकीचे रंगवतात. डोळे मात्र आईच. सगळ्यात शेवटचं काम आणि सगळ्यात अवघड. त्यामुळे अशा बाईनं एखाद्या डोळ्याकडे बघून किंचाळावं म्हणजे प्रकरण साधं नाही.

मी आरशाकडे पळाले.

डाव्या डोळ्याचा पांढरा भाग नाकाच्या बाजूनं अर्धा लाल होता. लालसर नाही हं. गुलाबी पण नाही. कारखान्यात जास्वंदीच्या फुलांना मारतात ना, तो लाल. कुणीतरी रात्रीत येऊन एक हात मारून गेल्यासारखा. आणि गंमत म्हणजे दुखत नव्हतं, खुपत नव्हतं, काही म्हणजे काही होत नव्हतं. मी डोळा मिचकावून बघितला. आरशातली भुताळी पण डोळा मिचकावून गेली.

“डोळे आले!” आई म्हणाली. “नेमके आजच आले!”

तेव्हा मी आठवीत होते. तालुकाभर डोळ्यांची साथ आली होती. वर्गातली निम्मी बाकं रिकामी, आणि जी मुलं यायची ती काळे गॉगल लावून, नटांसारखी. लाल डोळ्यांकडे नुसतं बघितलं तरी आपले येतात, असं सगळ्यांचं ठाम मत होतं. त्यामुळे कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं. आणि त्याच दिवशी दुपारी तालुक्याच्या शालेय कबड्डीची फायनल होती. जिंकलो तर अलिबागला जिल्ह्याला जायचं. मी आमच्या संघाची मुख्य चढाईपटू.

तेव्हाची मी आजच्यासारखी नव्हते, हेही सांगून ठेवते. आज मला गप्प करायला दोन बाई आणि एक मुख्याध्यापक लागतात. तेव्हा वर्गात हजेरीला “उपस्थित” म्हणतानाही माझा आवाज पायरी चुकायचा. मोठ्यानं म्हणता यायचा तो एकच शब्द, कबड्डी. तोही एका दमात.

आईनं मला रिक्षात घातलं आणि पेणला डोळ्यांच्या तांबोळी मॅडमकडे नेलं. मॅडमनी माझी हनुवटी त्या यंत्रावर टेकवली, उजेड मारला, आणि गालातल्या गालात हसल्या.

“कुठे मार लागला? कुणाचं कोपर, नख?”

“नाही.”

“दिसतंय नीट? आणखी कुठून रक्त येतं कधी? हिरड्यांतून वगैरे?”

“नाही.”

“मग काल काय पराक्रम केलास?”

“सेमीफायनल,” मी म्हटलं. “चार जणींनी धरलं होतं. तरी दम सोडला नाही. ओढत ओढत रेषेला हात लावला.”

“मग बरोबर. दम कोंडून जोर लावलास.” त्यांनी टेबलावरचा प्लास्टिकचा डोळा उचलला. संत्र्याएवढा. “हे बघ. डोळा इकडेतिकडे फिरवणारे हे स्नायू. यांच्याच बोटाला धरून बारीक रक्तवाहिन्या मागून पुढे येतात आणि पांढऱ्या भागावर पसरतात. केसाहून बारीक. त्यातली एक फुटली. थेंबभर रक्त सांडलं आणि वरच्या पातळ सालीखाली पसरलं. एवढंच. हा साथीचा डोळा नाही.”

“पण केवढं लाल आहे हो!” आई म्हणाली.

“दिसतंय केवढं आणि आहे केवढं, यात फरक असतो. चिपडं नाहीत, पाणी नाही, खुपत नाही. साथीच्या डोळ्यात लाल धाग्यांचं जाळं दिसतं, इथे नुसता रंग मारलाय. आणि हे बघा,” त्यांनी आईला जवळ बोलावलं, “बुबुळाच्या काठाशी कसं थांबलंय. बुबुळावर काचेसारखा पडदा असतो. त्याच्यात एकही रक्तवाहिनी नसते.”

“एकही नाही?” हे मी विचारलं. “मग तो जगतो कशावर?”

“बाहेरून हवा खातो, आतून पाणी पितो. तिथे रक्त फिरायला लागलं तर तुला दिसेल कसं? खिडकीच्या काचेतून कुणी पाइप नेतं का?”

आई तोवर माझ्या डोळ्यात तोंड घालून बघत होती. “अगदी काठाशी थांबलंय,” ती पुटपुटली. “एवढी साफ रेघ मला पण जमत नाही.”

“मग खेळू मी?”

“खेळ की. आणखी थोडं पसरलं तर घाबरू नकोस. दोन-तीन आठवड्यांत पिवळं पडून जाईल, टेंगळाच्या निळ्या डागासारखं. फक्त साथीपासून सांभाळ. ती नजरेनं पसरत नाही, हातानं पसरते. ज्याचे खरंच आलेत त्यानं दुसऱ्याला शिवायच्या आधी साबणानं हात धुवावेत. एवढं केलं तरी निम्मी साथ आटोपेल.” मग त्या सहज म्हणाल्या, “याला सबकन्जंक्टायव्हल हॅमरेज म्हणतात.”

आई स्टुलावर बसली. मॅडमनी पुढचा पाव तास तिला समजावलं, पण व्यर्थ. रिक्षात बसल्या बसल्या तिनं मावशीला फोन लावला. “अगो, हॅमरेज झालंय पोरीला! हो, हॅमरेज! ...नाही, शुद्धीवर आहे. वडापाव खातेय.”

फायनल एका मंगल कार्यालयात होती, कारण बाहेर मैदानाचं तळं झालं होतं. हॉलमध्ये मॅट अंथरली होती. स्टेजवर आदल्या दिवशीच्या लग्नाची थर्माकोलची अक्षरं तशीच चमकत होती, ‘शुभविवाह’ म्हणून. दारातच आमचे ठोंबरे सर भेटले. मला बघून त्यांनी पहिल्यांदा स्वतःचे डोळे झाकले.

“घरी जा, जुई घरत! संघ बुडवशील माझा!”

“सर, साथीचं नाही. ते...”

“हॅमरेज आहे हो!” आई मागून ओरडली.

सरांनी बोटांच्या फटीतून बघितलं. “हॅमरेज? नक्की?” त्यांचा चेहरा उजळला. “म्हणजे लागण नाही? वा! वा! हॅमरेजच आहे!”

हॅमरेजचा असा आनंद जगात कुणी केला नसेल. सरांनी पंचांना बाजूला घेऊन सांगितलं, पंचांनी स्वतः तांबोळी मॅडमना फोन लावून खात्री करून घेतली आणि मला परवानगी दिली. मग सरांनी मला खांबामागे ओढलं. समोर मांडवखारच्या शाळेच्या मुली वॉर्म-अप करत होत्या. त्यांची कप्तान प्रणिता नाईक. घोट्याची पकड अशी की तिच्या हातात पाय सापडला तर तो घरी परत येईल याची खात्री नाही. ती सगळा वेळ माझ्या डोळ्याकडे बघत होती आणि बाकीच्यांना काहीतरी सांगत होती.

“घाबरल्यात,” सर कुजबुजले. “घाबरू दे. तू कुणाला काही सांगायचं नाही. आपल्या पोरींना पण नाही, त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. आपण खोटं बोलत नाही. आपण फक्त बोलत नाही.”

न बोलण्यात मी तरबेज होते. मी मान डोलावली.

पहिल्या चढाईला मी रेषा ओलांडली आणि अख्खं मांडवखार तीन पावलं मागे सरकलं. मी हात पुढे केला. त्या आणखी मागे. मी नुसती मान वळवून डावा डोळा दाखवला, तर एक मुलगी मागची रेषा ओलांडून थेट रुखवताच्या टेबलापर्यंत गेली. शिट्टी. बाद. आम्हाला गुण. मी अजून कुणाला शिवलेसुद्धा नव्हते.

“धर! धर तिला!” प्रणिता ओरडत होती.

“तू धर की!” तिचीच एक भिडू म्हणाली.

मी तर बागेत फिरून आल्यासारखी परत आले. पुढच्या चढाईला दोघींना शिवून आले. त्या पुढच्याला बोनस. प्रेक्षकांत आमच्या शाळेची पोरं बाकं बडवत होती. मला वाटलं, आजची मॅच एकट्या डोळ्यावर जिंकणार.

पण कबड्डीत चढाई झाली की बचाव करावा लागतो, आणि बचाव एकट्यानं होत नाही. आमची साखळी असते. मी उजव्या कोपऱ्यात, माझ्या शेजारी दुर्वा पाटील. दुर्वा म्हणजे माझी पहिलीपासूनची मैत्रीण. एका बाकावर, एका डब्यात, एका सायकलवर. तिचा उजवा हात आणि माझा डावा हात, ही आमच्या संघातली सगळ्यात मजबूत कडी. सर म्हणायचे, या दोघींच्या हातांना गंज चढेल पण सुटणार नाहीत.

प्रणिता चढाईला आली. मी हात पुढे केला. दुर्वानं आपला हात मागे घेतला.

मला वाटलं, चुकून. मी पुन्हा हात पुढे केला. तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “नको गो.”

प्रणिता त्या फटीतून सुळकन आत शिरली, दुर्वाच्या खांद्याला टपली मारली आणि हसत परत गेली.

मग तेच होत राहिलं. इकडे मी गुण आणायचे, तिकडे आमच्या दोघींच्या मधल्या फटीतून ते वाहून जायचे. बाकीच्या मुलीपण दबकत होत्या, पण त्यांचं मला काही वाटलं नाही. दुर्वाचं वाटलं. मध्यंतराची शिट्टी झाली तेव्हा गुण सारखे होते.

सर पाण्याची बाटली दुरून फेकत म्हणाले, “झकास! असंच चालू दे. फक्त गप्प राहा.”

मी दुर्वाला शोधलं. ती ‘वधूपक्ष’ लिहिलेल्या खोलीत गेली होती. तिथे नवरीला नटवायचा मोठा आरसा होता, चारी बाजूंनी बल्ब लावलेला. दुर्वा बेसिनपाशी पाठमोरी उभी होती.

“दुर्वे.”

“लांबूनच बोल.”

बस. माझ्या आत काहीतरी फुटलं. डोळ्यातल्या त्या नळीसारखंच, थेंबभर, पण पसरलं बघा सगळीकडे. गप्प राहायचं, हे मी साफ विसरले.

“माझे डोळे आलेले नाहीत!” मी ओरडले. इतक्या मोठ्यानं मी जन्मात बोलले नव्हते. “बघ! आरशात बघ, भीती वाटत असेल तर! चिपडं आहेत का? पाणी येतंय का? जाळं आहे का लाल धाग्यांचं? एक नळी फुटलीय फक्त, काल ओढाओढी केली म्हणून! रक्त काठाशी थांबलंय, बुबुळावर जातच नाही, तिथं नळ्याच नसतात! कुणालाही काहीही होणार नाही! मला धरलं तरी, शिवलं तरी, चाटलं तरी!”

दुर्वानं आरशात एकदा बघितलं आणि पापण्या खाली केल्या. “मी कुठं म्हटलं, तुझे आलेत?”

“मग हात का देत नाहीस?”

ती बेसिनमध्येच बघत राहिली. बोलली ती दुसरीच.

“म्हणजे तुला धरलं तर चालतं?”

खोलीतल्या संडासाचं दार उघडलं होतं आणि दारात प्रणिता नाईक उभी होती.

आता बघा. मला अजून वाचता आलं असतं. ‘मी हिला नुसतं पटवत होते’, ‘डॉक्टरांनी लांब राहायला सांगितलंय’, काहीही. प्रणितानं तेही मानलं असतं, कारण तिला माझ्या डोळ्याकडे नीट बघायचंच नव्हतं. ती खांद्याच्या पलीकडे बघून बोलत होती. बाहेर सर बोटं मोडत उभे होते. अलिबाग होतं. जिल्हा होता.

पण अख्खा अर्धा डाव मी मोकाट फिरले होते आणि मला कुणीही शिवलं नव्हतं. कुणी न धरलेल्या माझ्या घोट्यांची मला दया आली होती.

“चालतं,” मी म्हटलं. “धरून दाखव.”

प्रणितानं पहिल्यांदाच सरळ माझ्या डोळ्यात बघितलं. मग दात दाखवून हसली आणि पळाली. बाहेरून तिचा आवाज आला, “ए पोरींनो, इकडे या गो सगळ्या!”

“झालं,” मी दुर्वाला म्हटलं. “आता तर त्या पण धरणार मला. तूच राहिलीस.”

दुर्वानं नळ सोडला, साबण घेतला आणि हात धुवायला लागली. साधे नाहीत, बोटांच्या बेचक्यांत, नखांत, पार कोपरापर्यंत. ऑपरेशनला निघाल्यासारखी. माझा हात हातात घ्यायचा तर एवढी तयारी! मी तोंड फिरवून भिंतीवरच्या टिकल्या बघत राहिले. नवरीनं चिकटवून विसरलेल्या.

“चल,” ती म्हणाली आणि ओला, थंडगार, साबणाचा वास येणारा हात पुढे केला.

दुसरा डाव म्हणजे काय सांगू! पहिल्याच चढाईला प्रणितानं माझा घोटा पकडला आणि वरून पाच जणी कोसळल्या. नाक मॅटवर, कुणाचा गुडघा पाठीत, कुणाची वेणी तोंडात. मी बाद झाले. सरांनी कपाळावर हात मारून घेतला. आणि मी उठले ती हसतच.

“हसतेस काय, गाढवे!” सर ओरडले.

त्यांना काय सांगणार?

तिकडे आमची फट बुजली होती. प्रणिता आली की आम्ही दोघी दारासारख्या मिटायचो. एकदा धरली, दोनदा धरली. गुण पुढे-मागे, पुढे-मागे. पोरं बाकं बडवायची विसरली. आम्ही एका गुणानं पुढे असताना शेवटची चढाई आली, प्रणिताची. ती वाकली, डावीकडे हूल दिली आणि माझ्यावर आली. मी घोटा धरला. दुर्वा फिरली, आणि आमची साखळी प्रणिताभोवती आवळली गेली. मग अख्खा संघ वरून पडला. ढिगाखालून प्रणिताचा आवाज येत होता, कबड्डी कबड्डी कबड्डी, मिक्सर चालू राहिल्यासारखा. ती इंच इंच सरकत होती. तिचा एक हात ढिगाबाहेर गेला, मग मनगट, मग बोटं.

शिट्टी.

बोट रेषेला लागलं होतं. जेवढ्या जणी तिला धरून होतो तेवढ्या सगळ्या बाद. मांडवखार अलिबागला गेलं.

ढीग हळूहळू उठला. मी आणि दुर्वा तशाच पडून होतो.

“सोड आता,” मी म्हटलं. “मॅच संपली.”

“तूच सोड की,” ती म्हणाली.

प्रणिता धापा टाकत माझ्याजवळ रांगत आली, माझी हनुवटी धरली आणि तांबोळी मॅडमसारखा माझा डोळा वर करून बघितला. “खरंच गो. काठाशीच थांबलंय. कुणीतरी आखून दिल्यासारखं.” मग तिनं आपल्या संघाला हाक मारली. त्या सगळ्या रांग लावून माझा डोळा बघून गेल्या, रुखवत बघतात तसा.

दुसऱ्या दिवशी दुर्वा शाळेत आली नाही. दुर्वाचे डोळे आले होते. खरेखुरे.

आणि मग माझी जी शोभा झाली! “घरतच्या पोरीनं दिले.” “हॅमरेज म्हणे!” ठोंबरे सरसुद्धा माझ्यापासून दोन हात लांब उभे राहून तास घ्यायला लागले. संध्याकाळी मी तावातावानं दुर्वाच्या घरी गेले. आत घेईनात, म्हणून खिडकीशी उभी राहिले. ती गॉगल लावून गजांपाशी आली.

“काढ तो,” मी म्हटलं.

तिनं काढला. दोन्ही डोळे गुलाबी, सुजलेले, कडांना चिपडं, आणि पांढऱ्यावर लाल धाग्यांचं जाळं. मॅडमनी सांगितलं होतं अगदी तस्सं.

“एका रात्रीत एवढं?”

“रात्रीत नाही. काल सकाळपासून खुपत होते. दादाचे परवा आले ना, टॉवेल एकच. सरांना सांगितलं असतं तर घरी पाठवलं असतं. मग कोपऱ्यात तुझ्या शेजारी उभं कोण राहणार? ती राखीव पोरगी? तिला साखळी पण धरता येत नाही.”

“म्हणजे तू मला घाबरून...”

“तुला कोण घाबरतं गो! तुझा एक डोळा आधीच बिघडलेला. त्यात माझा लागला असता तर?”

मी गज धरून उभी राहिले. बेसिन आठवलं. साबण आठवला, कोपरापर्यंतचा. आणि आठवलं, की माझा हात सोडल्यानंतर तिनं हात धुतलेच नव्हते. धुतले ते धरायच्या आधी.

“मठ्ठ आहेस तू,” मी म्हटलं. आवाज पुन्हा पायरी चुकला.

“तू पण.”

आठवड्याभरात माझा लाल रंग पिवळा पडायला लागला, हळदीसारखा. आई रोज सकाळी बघायची आणि म्हणायची, छान छटा येतेय. आणि त्याच आठवड्यात एका सकाळी उठले तर उजवा डोळा उघडेना. चिकटलेला. खुपत होता, पाणी गळत होतं. पाण्यानं धुऊन आरशात बघितलं तर जाळं.

मी दुर्वाला फोन लावला. काही न बोलता नुसतं कण्हले.

तिनं आवाजावरूनच ओळखलं. मग ती म्हणाली, “साबण कमी पडला वाटतं गो.”